‘फायबरची गाडी गंजत नाही’ म्हणे!

परवा रात्री साडेअकराला भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, खरंय का हे?” तोच मजकूर त्या आठवड्यात मला आणखी तीन ग्रुपवर भेटला. त्यातला एक आमच्या शाळेचा ग्रुप, जिथे एरवी सुविचारांपलीकडे काही येत नाही. मजकुराचा गोषवारा असा: फायबर बॉडीची जुनी स्पोर्ट्स कार कितीही मोडकळीला आलेली असो, बिनधास्त घ्या, फायबर गंजत नाही. रंग रिमूव्हरने काढा, चिरा पुट्टीने भरा, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन वीकएंडांत काम उरकतं, खर्च पन्नास हजार. पंधरा वर्षं झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवा, आरटीओची कटकट संपली. विकलीत तर दसपट.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, दोन सीटांची, उघड्या टपाची, फायबर बॉडीची आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची. आधीच्या मालकाने ती अकरा वर्षं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. झाकली म्हणजे जपली असं त्यांना वाटत होतं, पण मुंबईत ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि गाडी उघड्यावर ठेवण्यापेक्षा वाईट सडते. मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये तिच्यावर माझं काम चालू आहे. त्यामुळे या फॉरवर्डचं एकेक वाक्य मला झोंबलं.

पहिलं वाक्य अक्षरशः खरं आहे आणि म्हणूनच सगळ्यात घातक. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन, त्यात गंजायला लोखंड आहेच कुठे? पण इंजिन, सस्पेन्शन, स्टिअरिंग फायबरला लटकत नाहीत, ते पोलादी सांगाड्याला बोल्ट केलेले असतात. पत्र्याच्या गाडीला गंज लागला की ती बोंबलते. दाराच्या खालच्या कडेला फुगे येतात, रंग सुटतो, वॉचमनसुद्धा सांगतो, “साहेब, सडली.” फायबरची गाडी शेवटपर्यंत तोंड हसरं ठेवते आणि खाली चासिसचा, म्हणजे त्या सांगाड्याचा, भुगा होत असतो.

हे आपल्याकडच्याच गाड्यांचं दुखणं आहे असं कोणी समजू नये. इंग्लंडची फायबर बॉडीची लोटस एलान १९६२ मध्ये आली. तिचा चासिस पाठीच्या कण्यासारखा, घडी घातलेल्या पत्र्याचा. पुढच्या सस्पेन्शनच्या खांबांतून पाणी निचरायला भोकं ठेवली होती, ती मातीने बुजली की खांब आतून कुजायचे. साठ-सत्तरच्या दशकांतली अमेरिकेची कॉर्व्हेट, तीही फायबरचीच, घेताना जाणकार आजही आधी काचेभोवतीची आणि दारांभोवतीची पोलादी चौकट तपासतात, रंगाकडे मागाहून बघतात. कोणी म्हणेल, १९५७ ची लोटस एलिट तर अख्खी फायबरची, तिला वेगळा चासिसच नव्हता. नव्हता खरा, पण पुढचं सस्पेन्शन धरायला लोखंडी चौकट तिच्याही फायबरात चिकटवलेली होती. लोखंडाला पूर्ण फाटा देणं त्यांनाही जमलं नाही.

माझी गाडी स्टँडवर चढवली तेव्हा खालून सगळं काळं, गुळगुळीत दिसत होतं. कोणीतरी जाड अंडरकोट फासला होता. ड्रायव्हरच्या सीटखाली मी स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, जोरही दिला नाही, तर ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी माझ्या कपाळावर सांडलं. तो चोथा म्हणजे माझा चासिस.

मग बॉडी उतरवणं आलं, कारण फायबरच्या शेजारी वेल्डिंग करणं म्हणजे आगीला आवतण. माउंटिंगचे बोल्ट निम्मे गंजून चिकटलेले, ते ग्राइंडरने कापले. इथे एक गोष्ट बहुतेकजण चुकतात. बॉडी सैल करण्याआधी दारं लावून ठेवायची आणि आतून लाकडी तिरपे टेकू ठोकायचे. नाहीतर उघड्या टपाची बॉडी मधोमध लवते आणि पुढे दारं जन्मात बसत नाहीत. उचलायला आमच्या गल्लीतली गोविंदाची आठ पोरं आली. सात थर लावणाऱ्यांना ती किरकोळ वाटली. “काका, एवढीच?” म्हणाले आणि नाश्त्याला वडापाव मात्र चोवीस संपवले.

पन्नास हजारांचा आकडा इथेच संपला. सीओटू वेल्डिंग, नवा पत्रा, पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या. बॉडीला अजून हात लागायचा होता.

आता रिमूव्हर. बाजारातल्या कित्येक रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. पत्र्यावर ते रंग उचलतं आणि थांबतं. फायबरवर थांबत नाही, रंगाखालचा जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थर, आणि रेझिनही मऊ करतं. शिवाय ते आत जिरून बसतं आणि नवा रंग मारल्यावर काही महिन्यांनी फोडांसारखं वर येतं. सँडब्लास्टिंग त्याहून वाईट. फायबरवरचा रंग पातीने खरवडून आणि पॉलिश पेपरने घासूनच काढायचा. एका दाराला मला दोन रविवार लागले. दोन वीकएंडांत अख्खी गाडी करणारे महापुरुष मला भेटायचे आहेत.

पुट्टीचं प्रकरण मात्र नीट सांगायला हवं, कारण इथे फॉरवर्डवाल्याला फायबर म्हणजे काय हेच कळलेलं नाही. बॉनेटवर, दिव्यांच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात, त्या वरच्या जेलकोटमध्ये असतात. जेलकोटमध्ये तंतू नसतात, तो ठिसूळ. पण तो तडकतो कारण खालचा थर कुठेतरी धक्क्याने लवलेला किंवा सुटलेला असतो. वर पुट्टी भरली तर पहिल्या पावसाळ्याआधी चिरा त्याच जागी हजर.

मला हे शिकवलं वेसाव्याच्या एका कोळी मित्राने. तो होड्यांवर फायबर चढवतो. त्याने खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि बॉनेटवर टिचक्या मारत गेला. टण, टण, टण, आणि एके ठिकाणी थप. “इथं मेलंय,” म्हणाला. थर सुटलेली जागा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळते. खडूने खुणा केल्या तेव्हा माझ्या दृष्टीने ‘चांगल्या’ असलेल्या बॉनेटवर सात गोल झाले.

दुरुस्ती अशी: मेलेला भाग शाबूत तंतू लागेपर्यंत घासून काढायचा आणि कडेला लांब उतार द्यायचा. जाडीच्या बारापट उतार हा हिशेब धरतात. म्हणजे तीन मिलिमीटर जाड फायबरला चारी बाजूंनी छत्तीस मिलिमीटर. नव्या थराला जुन्यावर पकड घ्यायला तेवढी जागा लागते. मग काचेच्या तंतूंच्या मॅटचे तुकडे, लहानमोठे, रेझिनमध्ये भिजवून बसवायचे आणि रोलरने हवा काढायची. पुट्टीचा नंबर शेवटी, तोही पापुद्र्याएवढा.

रेझिनला हार्डनर साधारण एक ते दोन टक्के. किलोला दहा ते वीस मिली. मी एकदा मे महिन्यात “थोडं जास्त घातलं तर लवकर बसेल” असा शहाणपणा केला. पाच मिनिटांत रेझिनचा प्लास्टिकचा मग हातात धरवेना, तो वाकला आणि धूर यायला लागला. आणखी एक, आणि हे गंमतीचं नाही: काही दुकानांत रेझिन, ते लवकर बसवणारं कोबाल्ट आणि हार्डनर अशा तीन बाटल्या देतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. ते दोन थेट एकत्र केले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. लाखो मोबाइलवर फिरणाऱ्या त्या मजकुरात यावर एक शब्द नाही, याचा मला खरा राग आहे.

वायरिंगबद्दलही त्यात काही नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडी स्वतःच अर्थिंगचं काम करते. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पेट्रोलच्या काट्याला अर्थची स्वतंत्र वायर लागते. इंडिकेटर दिला की मागचे लाल दिवे मिणमिणायला लागले तर बल्ब बदलत बसू नका, अर्थ शोधा. माझे चार शनिवार बल्ब बदलण्यात गेले.

आता पार्किंग. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्या हवेत ओल शोषलेली मॅट दुधाळ दिसते, रेझिन धड बसत नाही. काम करायचं ते नोव्हेंबर ते मार्च. वर रेझिनमधल्या स्टायरीनचा वास. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाली येऊन शांतपणे विचारलं, “अहो, आमच्या आमटीला नेलपॉलिशचा वास का येतोय?” मी वाफा गाळणारा मास्क लावून उभा होतो, त्यांच्याकडे काय होतं? काचेची धूळ तर वाळत घातलेल्या कपड्यांत गेली की दोन दिवस अंग खाजतं. तेव्हापासून बॉनेट, दारं, डिकी असं जे सुटं होतं ते टेम्पोत घालून वेसाव्याला होड्यांच्या शेडमध्ये नेतो. पार्किंगमध्ये फक्त पाना आणि स्क्रूड्रायव्हर. सोसायटीत राहून घरच्या घरी करायचं ते एवढंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘विंटेज’ची थाप दोन ओळींत उडते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज नोंदणीसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली हवीत, पंधरा नव्हे, आणि चासिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. शुल्क २०,००० रुपये, आणि ती गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. माझ्या स्टॉर्मला त्यासाठी अजून दोनेक दशकं थांबावं लागेल. तोवर फिटनेस, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण, म्हणजे चारचौघांसारखा आरटीओ. दिल्लीचा पंधरा वर्षांचा नियम मुंबईला लागू नाही, फॉरवर्डवाल्याने बहुधा तिथेच घोळ घातला असावा. दसपटीबद्दल मी बोलत नाही, बायको हे वाचते.

एक मात्र मान्य. पत्र्याच्या गाडीचा अख्खा कोपरा गेला तर डेंटिंगवाला हात टेकतो, फायबरचा कोपरा आपण पुन्हा बनवू शकतो. माझ्या गाडीचा पुढचा डावा कोपरा गायबच होता. दुसऱ्या एका मालकाने त्याच्या गाडीवरून साचा काढू दिला. गणपतीच्या कारखान्यात साच्याला तेल लावतात तसं इथे मेण चोळायचं, नाहीतर साचा त्याच्या गाडीलाच चिकटायचा. माझ्याच गाडीच्या उजव्या कोपऱ्याचा साचा डाव्याला चालेल असं मला आधी वाटलं होतं. आरशात बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, वसईला एक सिपानीची डॉल्फिन गाडी उभी आहे. फायबरचीच. मालक स्वस्तात देतोय.” रविवारी आठ वाजता निघतोय. स्क्रूड्रायव्हर आणि एक रुपयाचं नाणं मी घेतलंय. त्याला सांगितलंय, टॉर्च आण, जुने कपडे घाल. खाली तू जायचंस.