दिवा लागत नाही, म्हणजे बॅटरी ठणठणीत

सोसायटीच्या फाटकात, ऐन ऑफिसच्या वेळी, जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० ‘टक्’ एवढंच बोलून गप्प झाली. मागे हॉर्नचा गजर. वॉचमन आणि दूधवाला धक्का मारायला आले. पलीकडच्या विंगमधले काका आले, ते सल्ला द्यायला.

“बॅटरी बदला.”

आपल्याकडे गाडीच्या विजेच्या कुठल्याही दुखण्यावर हे एकच औषध. दुकानदारही अर्धी उतरलेली बॅटरी तशीच लोड टेस्टरला (बॅटरीवर भार टाकून ती किती दम धरते ते दाखवणाऱ्या यंत्राला) लावतो, काटा धपकन खाली येतो आणि तो मान हलवत म्हणतो, “सेल गेलाय, साहेब.” अहो, लोड टेस्ट घ्यायची ती बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून! नवी बॅटरी घेऊन माणूस खुशीत घरी जातो आणि थोड्याच दिवसांत तीही बसते, कारण मुळात तिला भरणारंच कोणी नाही. मग तोच दुकानदार म्हणतो, “डायनामो दाखवून घ्या एकदा.” हे आधी सांगितलं असतं तर याचं काय जात होतं? एक बॅटरी खपायची राहिली असती, ते जात होतं.

मी बॉनेट उघडून मल्टीमीटर लावला. बंद गाडीत १२.२ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी नव्हती, डायनामो फिरवणारा पट्टा अंगठ्याने दाबला तर सात-आठ मिलिमीटरच दबत होता. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून इंजिन चालू केलं, जोडणी काढली. आता मीटरवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. होतं १२.०, आणि तेही उतरत चाललेलं. रेस दिली तरी तेच. म्हणजे चार्जिंग शून्य.

“असं नसतं बघायचं,” काका म्हणाले. “चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची. गाडी चालू राहिली तर डायनामो ओके, बंद पडली तर गेला. फियाटला आम्ही हेच करायचो.”

“तुमच्याकडे फियाट होती, काका?”

“आमच्या साहेबांकडे होती. माझ्याकडे चेतक. तिला बॅटरीच नव्हती, त्यामुळे बॅटरीचा त्रास म्हणून कधी झाला नाही.”

हे विधान तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे. त्या स्कूटरचे दिवे थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर चालत. सिग्नलला इंजिन मंदावलं की हेडलाइटही मिणमिणायचा. एवढ्या अनुभवावर काकांनी वॉचमनला दहा नंबरचा पाना आणायला पिटाळलंसुद्धा! तो बिचारा घेऊनही आला. मी बॅटरीवर दोन्ही हात पसरून उभा राहिलो.

“अहो, घाबरता काय? शॉक नाही बसत बारा व्होल्टचा.”

शॉक मला नव्हताच बसणार. अल्टरनेटर (आजकालच्या गाड्यांत वीज बनवणारं यंत्र; लोक त्यालाही डायनामोच म्हणतात) करंट देत असताना बॅटरी अचानक सुटली, तर रेग्युलेटरला आवरायला वेळ मिळत नाही आणि व्होल्टेज क्षणात उसळतं, कधीकधी शंभरच्या घरात. त्यात डायोड जातात, रेग्युलेटर जातो, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरसुद्धा. खऱ्याखुऱ्या जुन्या डायनामोच्या काळात, गाडीत इलेक्ट्रॉनिक्सच नव्हतं तेव्हा, ही युक्ती खपून जायची. बरं, एवढं करून कळणार काय? गाडी बंद पडली असती आणि काकांनी “डायनामो गेला” म्हणून निकाल दिला असता. खरा बिघाड डायनामोत नव्हताच.

“काका, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतोय का, बघता?”

काकांनी खिडकीतून डोकं घातलं. “नाही लागत. म्हणजे बॅटरी ठणठणीत!”

इंजिन चालू असताना तो दिवा लागला तर वाईट, पण नुसती चावी फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे. कारण तो निव्वळ इशारा नाही. त्या बल्बमधून अल्टरनेटरच्या एल टर्मिनलला जाणारा थोडासा करंट रोटरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या फिरत्या भागात, पहिलं चुंबकत्व जागवतो. विहिरीवरच्या पंपात आधी चार बादल्या पाणी ओतल्याशिवाय तो पाणी ओढत नाही, तसंच. काही गाड्यांत बल्बच्या जोडीला रेझिस्टन्स असतो, काहींत जास्त रेस दिल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर काम भागतं. इथे दोन्ही नाही.

इंजिन बंद, चावी चालू. अल्टरनेटरचा छोटा प्लग काढून एलची वायर बॉडीला टेकवली. दिवा लागला असता तर वायर आणि बल्ब ठीक, रोटरला करंट पोचवणारे कार्बन झिजले असं धरून पुढे गेलो असतो. लागला नाही. मीटर क्लस्टर बाहेर काढला, बल्ब तपासला, आतली तार तुटलेली. वडापावच्या किमतीचा बल्ब! वॉचमनने नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडून नवा आणला. त्याला बजावलं होतं, एलईडी आणू नकोस. तो इतका कमी करंट घेतो की रोटर पुन्हा झोपलेलाच राहायचा.

एवढा वेळ काका जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून केस समजावून सांगत होते. “मी वायर काढू म्हणत होतो, ऐकत नाहीत.” लोकही माझ्याकडे सहानुभूतीने बघत. धक्का मात्र कोणी मारेना.

बल्ब बसवला, गाडी चालू केली. १४.२. हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.८. बॅटरीला रात्री चार्जर लावावाच लागेल, शहरातल्या दोन सिग्नलमधल्या धावपळीत निम्मी बॅटरी भरत नसते. पण बिघाड संपला होता. काकांना दाखवावं म्हणून इंजिन बंद करून पुन्हा चावी फिरवली. लाल दिवा झळकला.

“बघा,” काका जमलेल्यांकडे वळून म्हणाले, “मघाशी हा दिवा लागत नव्हता. आता लागायला लागला.”

मी स्टार्टर मारला. दिवा विझला.

“लूज कॉन्टॅक्टही आहे,” काका म्हणाले.