‘गावात शेतीशिवाय आहे काय?’

‘गावात शेती सोडून दुसरं काम असतंच कुठे? जे असतं ते नाइलाजाचं, आणि त्यानं शेतीचं वाटोळंच होतं.’ हे वाक्य थोड्याफार फरकानं सगळीकडे फिरतंय. त्यात तीन दावे आहेत.

पहिला सरळ चुकीचा. हॅगब्लेड, हेझल आणि रिअर्डन या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये विकसनशील देशांचा जो आढावा मांडला, त्यात ग्रामीण उत्पन्नातला बिगरशेती वाटा ३५ ते ५० टक्के आहे. यापुढे ‘काम असतंच कुठे’ म्हणायला जागा उरत नाही.

दुसरा दावा अर्धा खरा, म्हणून त्याच्याशी नीट भांडायला हवं. शिवणकाम घ्या. पीक साधलं की लोक कपडे शिवायला टाकतात, शिवणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. पीक बुडालं की गिऱ्हाईक आटतं, आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या दोन घरांतही मशीन सुरू होतं, कारण त्यांनाही दुसरं काही सुचत नाही. कागदावर बिगरशेती रोजगार वाढला; हातात मात्र प्रत्येकीच्या कमी पडतं. तेव्हा नुसती डोकी मोजू नका, मजुरी विचारा. पण शाळामास्तरची नोकरीही बिगरशेतीच, तिला नाइलाज कोण म्हणेल? तिथे पोचायला शिक्षण लागतं, वर्कशॉप टाकायला भांडवल. भूमिहीन आणि बायका बहुतेकदा खालच्या पायरीवरच अडकतात. शिवाय नाइलाज शेतीतही असतो. भारतात एकूण रोजगारातला शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, २०१९-२० मध्ये ४५.६ झाला. त्या वर्षाच्या शेवटी टाळेबंदी होती. बाहेरची कामं बुडाली की माणसं शेतात परततात.

तिसरा दावा, शेतीचं वाटोळं. बियाणं-खताचे पैसे कित्येक घरांत पगारातून येतात. पीक गेलं तरी त्याच पगारामुळे बैल विकावा लागत नाही. उलटा प्रवाहही आहे. चीनमध्ये १९७८ नंतर शेतीत सुधारणा झाल्या, शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला. गावपातळीवरच्या उद्योगांतला रोजगार २.८ कोटींवरून १९९६ पर्यंत साडेतेरा कोटींच्या आसपास गेला. धोरणाचाही हात होता, पण सुरुवातीचं भांडवल आणि गिऱ्हाईक बरंचसं शेतीनंच पुरवलं.

कापणीच्या दिवसांत बांधकामावर जास्त मजुरी मिळते म्हणून मजूर शेताकडे फिरकत नाहीत, ही ओरड खोटी नाही. फक्त ती मजूर लावणाऱ्याची आहे, आणि सांगितली जाते शेतीची म्हणून.