पांदणीसाठी पस्तीस इंच

भाऊ, थारला दोन इंचाचं लिफ्ट किट बसवलंत, अभिनंदन. गाडी उंच झाली आणि खालचे कंपनीचे टायर एकदम केविलवाणे दिसायला लागले. मिसरूड फुटलेल्या पोरानं तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ओढत फिरावं, तसं काहीसं. हे असंच राहू द्यायचं नाही. मोठे टायर घ्यायचेच. फक्त कसे घ्यायचे, ते माझ्याकडून ऐका.

टायरच्या अंगावर काय छापलंय ते आधी वाचू नका. वाचलंत की गणित मागे लागतं. २५५/६५ आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि आत १८ इंची रिम. हिशोब केला की चाकाचा व्यास निघतो ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच. तुम्हाला हवेत ३५. का, ते विचारायचं नसतं. दारव्ह्यात कोणीतरी ३३ टाकलेत, एवढं कारण पुरे.

चाक चार इंचांनी वाढलं तरी धुरा, म्हणजे दोन चाकांना जोडणारा कणा, चाकाच्या मधोमध असतो, म्हणून तो वर जातो दोनच इंच. आणि लिफ्ट किटनं उचललं काय? तर बॉडी. मागच्या धुऱ्यावरचं डिफरन्शियलचं, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचं, गोल हाऊसिंग, जे खरं गोट्यावर आपटतं, ते किटनं केसभरही हललं नाही. हे सगळं मी आमच्या आबाजींना बसून समजावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे येवढा पैसा वतून दोन इंच?" म्हटलं, हो. "मंग तो गोटाच बाजूले सारला असता त?"

जुन्या माणसांना ऑफरोडिंग कळत नाही. सोडून द्या.

पैशाचं म्हणाल तर एका टायरला दोन-तीन क्विंटल कापूस धरून चाला. तोही हमीभावानं, २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० रुपयांनी. खेडा खरेदीवाला ज्या भावानं नेतो त्यानं मोजलंत, तर अजून थोडा वेचावा लागेल. आणि टायर पाच घ्यायचे असतात, चार नाही. पण तुम्ही चारच घ्या. मागच्या दारावरची जुनी स्टेपनी तशीच राहू द्या. पंक्चर झालं की एक चाक ३१ चं, तीन ३५ ची. अशा गाडीला फोर-बाय-फोर लावलं तर गिअर आणि धुरे एकमेकांशी जे भांडतात, ते ऐकण्यासारखं असतं.

आता नक्षी. मोठमोठे ठोकळे असलेला मड टायरच घ्या. डांबरी रस्त्यावर तो भुंग्यासारखा गुणगुणतो, त्यामुळे तुम्ही येताय हे गावाला आधीच कळतं. ठोकळ्यांमधल्या खाचा असतात चिखल भिरकावून देण्यासाठी. आपली काळी माती मात्र भिरकावली जाणाऱ्यांतली नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि जिथं चिकटली तिथं बिऱ्हाड थाटते. श्रावणात पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेत, शिरलात की चाकाच्या चार फेऱ्यांत सगळ्या खाचा बुजतात आणि तुमचा महागडा टायर गुळगुळीत गोटा होतो. म्हणूनच तर बैलबंडीवाला अशा दिवसांत बंडी काढत नाही, वाफसा येईस्तोवर थांबतो आणि चप्पल हातात घेऊन पायी शेतात जातो. तुम्ही थांबू नका. तुमच्याकडे ३५ आहेत.

एक इलाज आहे, पण करू नका. हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर जमिनीवर पसरतो आणि कंपनीच्या टायरवरसुद्धा गाडी बऱ्याचदा निघून जाते. बाहेर आल्यावर हवा परत भरायची, झालं. पण त्यात फुकट काम होतं आणि पानठेल्यावरून काही दिसत नाही. मग काय अर्थ?

रिमही बाहेर निघालेलीच घ्या, पैलवानाच्या दंडासारखी. बेअरिंगवर ताण येतो, चिखल थेट दारावर आणि खिडकीतल्या कोपरावर उडतो, चौकात पूर्ण वळण मारलं की टायर आतल्या प्लास्टिकला खर्रकन घासतो. मेकॅनिक ते प्लास्टिक कापून देईल. मग मडगार्ड कापेल. कापत गेलं की सगळं बसतं.

स्पीडोमीटर आता ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ९० वर असाल. जड चाकामुळे ब्रेक उशिरा लागेल, म्हणजे वेग जास्त आणि थांबणं कमी, असा दुहेरी फायदा. चिखलदऱ्याचा घाट मात्र दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढावा लागेल. क्राऊन-पिनियन, म्हणजे धुऱ्यातली गिअरची जोडी, बदललं तर तेही सुधारतं, फक्त त्या खर्चाचं घरी सांगू नका.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे दर बदलामागे ५,००० रुपये दंड, वरून सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दर बदलामागे, हे लक्षात घ्या. लिफ्ट, टायर, कापलेलं मडगार्ड... बोटं मोजून ठेवा.

शेवटची खरेदी प्लास्टिकच्या स्टुलाची. त्याशिवाय आईला, काकूंना, आबाजींना गाडीत चढता येणार नाही. पोळ्याच्या दिवशी आम्ही सगळ्यांना त्यावरून चढवलं, दारं लावली, आणि मग लक्षात आलं की स्टूल खालीच राहिलंय. ते उचलून आत द्यायला मी उतरलो. मग मला चढायला स्टूल नव्हतं.