ताई, तुमच्या मुलाने शनी बरोबरच बघितलाय

नमस्कार ताई, दुकानाचा मालक मीच लिहितोय. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर द्यायला बसलो होतो पण म्हटलं आधी दुकानात कोण काय बोललं ते नीट विचारून घेऊ, म्हणून आज लिहितोय.

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या वाढदिवसाला आमच्याकडून १३० एमेम आरशाची, टेबलावर ठेवायची दुर्बीण नेली, पहिल्या चार रात्री नुसता धुरकट गोल आणि त्याच्या मधोमध काळा डाग, म्हणजे आम्ही वापरलेला पीस खपवला. फाइंडरचा, म्हणजे नेम धरायच्या छोट्या उपकरणाचा, लाल ठिपका एकीकडे आणि दुर्बीण भलतीकडे. सगळं उलटं दिसतं. फोन केला तर आमच्या दुकानातला कामाचा मुलगा म्हणाला फिरवत राहा, होईल ॲडजस्ट. आणि शनीची कडी एकदम क्लियर दिसतील असं काउंटरवर सांगितलं होतं ते साफ खोटं निघालं, कारण मुलाला दिसलं ते "बारीक मण्यात सुई खुपसल्यासारखं काहीतरी".

फोनचं आणि काउंटरचं दोन्ही आमचंच चुकलं, त्याबद्दल मनापासून सॉरी. डब्यात जो कागद येतो तो इंग्रजीत आणि तोही बारीक अक्षरात, मराठीत एक पान आम्ही लिहून द्यायला हवं होतं, इतकी वर्षं दिलं नाही, आता लिहायला घेतलंय.

पण ताई त्या मण्यात खुपसलेल्या सुईबद्दल मला आधी बोलायचंय, कारण वाचून मी खुर्चीतून उठलोच. तुमच्या मुलाने शनी अगदी बरोबर बघितलाय. शनीची कडी प्रचंड रुंद पण जाडीला अगदीच कमी, आणि दर तेरा ते सोळा वर्षांनी एकदा ती पृथ्वीवरून बरोबर काठावरून दिसतात, म्हणजे ताट डोळ्यांसमोर आडवं धरलं की नुसती कड दिसते ना तसं. २३ मार्च २०२५ ला तसं झालं, तेव्हा शनी सूर्याच्या जवळ होता म्हणून बघता आला नाही, पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कडी परत जवळजवळ तशीच आडवी आली होती आणि तुम्ही नेमकी दत्तजयंतीच्या रात्री दुर्बीण लावलीत. गॅलिलिओला १६१२ मध्ये असंच झालं होतं, आधी शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी दिसायचं ते अचानक गायब झालं आणि तो चक्रावून गेला, ती कडी आहेत हे पुढे हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने सांगितलं. यानंतर अशी सुई थेट २०३८ मध्ये. आमच्या दुकानातल्या मुलाने हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं, यंदा कडी उघडी दिसणार नाहीत म्हणून. सांगितलं असतं तर तुमचं पोर नाराज व्हायच्या ऐवजी वहीत चित्र काढून ठेवत बसलं असतं. अजूनही काढा, तारीख घालून. २०२६ च्या दिवाळीपर्यंत कडी ओळखू येण्याइतकी उघडतील आणि २०३२ ला एकदम पसरलेली दिसतील.

आता तो काळा डाग. पीस नवाच आहे, सील तुमच्यासमोरच फोडलं होतं. या दुर्बिणीत मागे मोठा आरसा आणि पुढे तोंडाशी एक छोटा आरसा असतो, फोकस जुळण्यापासून फार लांब असेल तर तारा फुगून मेदूवड्यासारखा दिसतो आणि मधलं काळं भोक म्हणजे त्या छोट्या आरशाची सावली. फोकस जुळला की ती जाते. तुमचा जुळत का नव्हता ते तुम्हीच पुढे लिहिलंय, सोसायटीतल्या काकांनी पुढचा भाग ओढला आणि मग दिसायला लागलं. बरोबर, या मॉडेलची नळी दोन दांड्यांवर सरकते, ती टक आवाज येईपर्यंत पूर्ण बाहेर काढावी लागते, अर्धी राहिली तर फोकसचं बटण कितीही फिरवा काही होणार नाही. फोनवर हा एकच प्रश्न विचारायचा होता, नळी पूर्ण ओढलीत का, तो विचारला नाही म्हणून तुमच्या चार रात्री गेल्या.

फाइंडर रात्री कधीच सेट करत बसू नका. दिवसा उजेडी गच्चीवर जा, तुम्ही डोंबिवलीच्या आहात म्हणून सांगतो, गच्चीवरून मलंगगड दिसत असेल तर त्याचा सुळका धरा, नाहीतर लांबचा एखादा मोबाईल टॉवर, लांबचाच हवा, समोरची बिल्डिंग चालत नाही. आधी २५ नंबरची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावून सुळका बरोबर मध्ये आणा, मग दुर्बीण न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून लाल ठिपका त्याच सुळक्यावर ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. हे करताना सूर्य कुठे आहे ते आधी बघा आणि सूर्याकडे दुर्बीण कधीच वळवायची नाही, एक क्षणसुद्धा नाही, डोळा कायमचा जातो. मुलाला हे परत परत सांगा, दिवसा दुर्बीण त्याच्या एकट्याच्या हातात देऊ नका.

उलटं दिसणं हा दोष नाही, आरशाच्या दुर्बिणीत तसंच दिसतं आणि आकाशात सुलट-उलट असं काही नसतं. फक्त सरकवताना हात उलटा चालवायची सवय करावी लागते, दोन रात्रीत होते. आणि ग्रह "निसटून जातो, स्टँड ढिला आहे" असं जे वाटलं ते पृथ्वी फिरते म्हणून. १० नंबरच्या आयपीसने ६५ पट मोठं दिसतं, त्यात ग्रह साधारण तीन मिनिटांत या कडेने त्या कडेला जातो. म्हणून आधी २५ ने पकडायचं, मध्ये आणायचं, मग १० लावायची.

टेबलचं म्हणाल तर प्लास्टिकचं घेऊच नका, श्वास घेतला तरी हलतं. गच्चीवर टाकीजवळ सिमेंटचा कट्टा असेल तर तो सगळ्यात उत्तम. गॅलरीत एसीची गरम हवा येते आणि बंद खिडकीच्या काचेतून तर काहीच नीट दिसत नाही. घरातून बाहेर नेली की अर्धा तास तशीच ठेवा, आरसा हवेइतका गार झाला की चित्र स्थिर होतं.

चंद्राचं तुम्ही लिहिलंय की डोळे दिपले आणि खड्डे दिसलेच नाहीत. ताई तो पौर्णिमेचा चंद्र होता, त्यावर ऊन समोरून पडतं म्हणून सावल्याच नसतात. संक्रांतीनंतर अमावस्या होऊन जाऊ दे, मग पंचमीपासून अष्टमीपर्यंत रोज संध्याकाळी बघा, उजेड आणि अंधाराच्या सीमेवरचे खड्डे बघून मुलगा आत यायलाच तयार होणार नाही.

आणि आत्ता लगेच बघायचं तर गुरू. जानेवारी २०२६ च्या या आठवड्यात तो अंधार पडता पडता पूर्वेला उगवतो, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ सगळ्यात तेजस्वी तोच. ६५ पटीला तो नुसत्या डोळ्याने दिसणाऱ्या चंद्राच्या दीडपट दिसतो, शेजारी तुलनेला काही नसतं म्हणून छोटा वाटतो, डोळा सवयीला पाच मिनिटं द्या, मग दोन पट्टे दिसतात. त्याचे चार चंद्र गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० पासून बघून वहीत टिपले, त्याची दुर्बीण साधारण वीस पट दाखवायची आणि तुमच्यापेक्षा खूपच लहान होती. रोज जागा बदलतात, आयो तर पावणेदोन दिवसात फेरी मारतो. डब्यावरच्या रंगीत फोटोंसारखं मात्र काही दिसणार नाही, ते कॅमेऱ्याने बराच वेळ उजेड गोळा करून काढलेले असतात, मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघसुद्धा डोळ्याला करड्या धुरासारखाच दिसेल. हे आम्ही विकतानाच सांगायला पाहिजे आणि यापुढे सांगणार. डोंबिवलीच्या लाइटमध्ये तो अजून फिका वाटतो, एकदा बदलापूरच्या पुढे वांगणीला खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेच्या रात्रभराच्या कार्यक्रमाला मुलाला घेऊन जा, तिथे अंधार बरा आहे.

पैसे परत हवे असतील तर पूर्ण देतो, पंधरा दिवसांची मुदत संपली आहे ती धरत नाही. पण त्याआधी एकदा दुर्बीण घेऊन दुकानात या, आरसे जुळलेत का ते तपासून देतो, त्याचा चार्ज नाही. शनिवारी या, मुलाला आणा, दोन्ही आयपीस विसरू नका. सातनंतर वरच्या गच्चीची किल्ली माझ्याकडेच असते आणि तोवर गुरू वर आलेला असतो.