रांग फोनमध्ये गेली, संपली नाही

सोलापूरच्या कन्ना चौकात, कट्ट्यावर, आमचा वाद पेटला तो अण्णांच्या एका वाक्यावरून. "जपान्यांनी रांगेशिवायचं प्रदर्शन करतो म्हणून सांगितलं होतं, आणि मी तिथं बघितली एवढी रांग जन्मात बघितली नाही."

अण्णांची मुलगी ओसाकाकडं नोकरीला आहे. ते तिच्याकडं गेले तेव्हा तिथलं जागतिक प्रदर्शन, म्हणजे वर्ल्ड एक्स्पो, शेवटच्या टप्प्यात होतं. 13 एप्रिल 2025 ला सुरू झालं, 13 ऑक्टोबरला संपणार होतं, आणि 'जाऊ की निवांत' म्हणत बसलेले सगळे सप्टेंबरात एकदम लोटले. समुद्रात भराव घालून केलेलं युमेशिमा बेट, दीडशेच्या वर देश, मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट साडेसात हजार येन. आपले चार हजारांच्या वर.

"एवढे पैसे भरून बघितलं काय ओ?" पक्यानं विचारलं.

"माणसं बघितली बे."

मग त्यांनी तिथली पद्धत सांगितली. नुसतं तिकीट घेऊन चालत नव्हतं, कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या दारातून आत येणार ते आधी नोंदवायचं. आतल्या दालनांसाठी पुन्हा वेगळं बुकिंग. दोन महिने आधी एक सोडत, सात दिवस आधी दुसरी सोडत. दोन्हींत नंबर लागला नाही तर तीन दिवस आधी मध्यरात्री उरलेल्या जागा खुल्या व्हायच्या, जो आधी बोट दाबेल त्याची जागा. तीही हुकली तर आत शिरल्यावर दहा मिनिटांनी फोनवर पुन्हा नशीब बघायचं. अण्णांची पोरगी रात्री बाराला फोन घेऊन बसली होती. पडदा नुसता गोल फिरत राहिला आणि उघडला तोवर सगळं भरलेलं.

"म्हणजे रांग होतीच की! फक्त दिसत नव्हती," पक्या म्हणाला.

मास्तरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, बुकिंग नसतं तर काय झालं असतं ते त्याच गावात घडून गेलंय. 1970 साली ओसाकातच प्रदर्शन भरलं होतं. सहा महिन्यांत 6 कोटी 42 लाख लोक आले. 5 सप्टेंबरच्या एका दिवशी 8 लाख 35 हजार. अमेरिकेच्या दालनात चंद्रावरून आणलेला दगड ठेवला होता, तो बघायला लोक तासन्‌तास उन्हात उभे. शांघायला 2010 मध्ये 7 कोटींवर माणूस गेला आणि सौदी अरेबियाच्या दालनाची रांग आठ-आठ तासांवर गेली. "ह्या वेळी अडीच कोटी आले ते वेळा वाटून दिल्या म्हणून निभावले. म्हाताऱ्या माणसाला आठ तास उभं करणं ह्याला न्याय म्हणायचं का?"

मास्तरांचा मुद्दा खरा आहे. गर्दीत माणूस चेंगरतो, आणि वेळ वाटून दिली की चेंगरत नाही. पण पक्या जे बोलला ते मला जास्त खरं वाटतं.

त्याची आई विड्या वळते. आमच्या पूर्व भागात घरोघर हेच काम. वर्षातून एकदा तिरुपतीला जायचं हे तिचं ठरलेलं. तीनशे रुपयांच्या दर्शनाचं तिकीट ऑनलाइन सुटतं आणि बघता बघता संपतं. सुटलं हेच तिला कळत नाही. कळलं तरी तिच्या बोटांना पान कातरायची सवय, ओटीपी यायच्या आत चार पानं भरायची नाही. "उभं राहायला सांगा, आई दोन दिवस उभी राहते. तिच्याकडं तेवढंच हाय. आणि तुम्ही तेच बाद करायलाय."

ह्यावर कट्टा जरा गप्प झाला. ज्याच्याकडं पैसा नाही, ओळख नाही, फोनचा सराव नाही, त्याच्याकडं निदान वेळ आणि चिकाटी असते. उघड्या रांगेत त्या चिकाटीला किंमत मिळते. आधी आला तो आधी, हे डोळ्यांना दिसतं, मध्ये घुसणाऱ्याला 'ए, मागं हो' म्हणता येतं. फोनच्या रांगेत कुणाला म्हणणार? ओसाकात तर शेवटी शेवटी तिकीट हातात असूनही आत यायची तारीखच मिळेना, असे कितीतरी लोक तसेच राहिले. पैसे भरलेले, आणि दारापर्यंत जायची सोय नाही. त्यापेक्षा दारात उभं करून 'आज होणार नाही' सांगितलेलं मी पत्करेन.

मास्तर म्हणाले, "मग आषाढीला पंढरपुरात रांग पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, ती चांगली म्हणायची?"

"ती विठ्ठलाची," अण्णा म्हणाले. "तिथं उभं राहणं हीच सेवा. प्रदर्शनात उभं राहून पुण्य लागत नाही." हा फरक मलाही मानावा लागतो. वारकऱ्याची सहनशक्ती गृहीत धरून कुणी तिकिटाच्या गर्दीची आखणी करू नये.

अण्णांनी तिथं बघितलेल्या एका आजीबद्दल सांगितलं. बुकिंगशिवायची एक रांग होती. आजीच्या हातात घडीचं छोटं स्टूल. रांग थांबली की स्टूल उघडायचं, बसायचं, छत्री मांडीवर आडवी ठेवायची. रांग हलली की उठायचं, घडी घालायची, चार पावलं जायची, पुन्हा उघडायचं. अण्णा बराच वेळ बघत होते. आजीच्या मागं थोड्या अंतरावर एक पोरगा पाटी धरून उभा होता: रांग बंद केली आहे. येणाऱ्या प्रत्येकापुढं तो वाकून माफी मागत होता. लोक पाटी वाचून मागं फिरत, पण थोडं पुढं जाऊन थांबत आणि रांग परत उघडायची वाट बघत. रांगेत नसलेल्यांचीच एक रांग झाली होती.

आणि सगळ्यात जास्त गर्दी कुठं, तर लाकडी कड्याखाली. सू फुजिमोतो ह्या वास्तुकारानं आखलेलं, जवळपास दोन किलोमीटर घेराचं हे कडं प्रदर्शनाच्या बऱ्याच भागाला वेढून होतं. वरून फिरायचं, खाली सावली. तिथं ना वेगळं बुकिंग, ना सोडत. डबे उघडून बसलेले लोक, झोपलेली पोरं. अण्णांना सगळ्या प्रदर्शनात तेच आवडलं.

"आमच्या बालाजीकडं हे आधीपासून हाय," पक्या म्हणाला. त्याचं बरोबर आहे. तिरुपतीच्या फुकट दर्शनात माणसाला कंपार्टमेंटमध्ये बसवतात, दूध देतात, भात देतात. वाट बघणाऱ्याला बूड टेकायला मिळालं की अर्धी रांग तिथंच हलकी होते.

ओसाकातल्या 13 ऑगस्टच्या रात्रीची गोष्टही मास्तरांनीच काढली. बेटावर जाणारी मेट्रो वीज गेल्यानं बंद पडली, हजारो लोक रात्रभर अडकले. त्या रात्री काही देशांनी आपली दालनं लोकांना बसायला उघडली. ना बुकिंग, ना वेळ.

"बघा की! उघडता येतंय," पक्या म्हणाला.

मास्तर थोडे नरमले. बुकिंग राहणारच, पण प्रत्येक दालनात काही जागा दारात येऊन उभ्या राहणाऱ्यासाठी ठेवाव्यात, वर सावली असावी, बसायला असावं, आणि किती वेळ लागणार ते पाटीवर खरं लिहावं, इथपर्यंत ते आले. पक्या म्हणतोय निम्म्या जागा. मास्तर तिसऱ्या हिश्श्याच्या वर जायला तयार नाहीत. मी पक्याच्या बाजूनं आहे, अण्णा अजून सांगायलेत की आधी सावलीचं बोला.