निर्यात करा, निवांत करा

सरकार परदेशांशी व्यापाराचे करारावर करार करतंय आणि तुम्ही अजून कोल्हापूरच्या चप्पल लाईनला गिऱ्हाईकाची वाट बघत बसलाय? २०२२ मध्ये अमिराती झाली, ऑस्ट्रेलिया झाली. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी सही झाली. चपला-बुटांवरचं तिथलं १६ टक्क्यांपर्यंतचं आयात शुल्क शून्यावर आणायचं ठरलं. स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि मंडळींच्या करारात तर १५ वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि १० लाख नोकऱ्यांचं उद्दिष्ट लिहूनच ठेवलंय. आता फक्त तुमचंच अडलंय. तेव्हा नवनिर्यातदारांनो, ऐका.

सगळ्यात आधी निर्यात मार्गदर्शन मेळाव्याला जा. दीपप्रज्वलनाला टाळ्या वाजवा. पाहुणे उशिरा येतील, "जगात भारी, कोल्हापुरी" म्हणतील आणि प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आत दुसऱ्या कार्यक्रमाला निघतील. पुलाव मात्र चांगला असतोय.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी नंबर काढा. ५०० रुपये, घरबसल्या. मग दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये "आमच्यात काही बदल नाही" असं परत त्याच वेबसाइटवर जाऊन कळवा. विसरलात की नंबर बंद.

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर इटलीच्या प्राडा कंपनीनं आपलं पायताण कोल्हापूरचं नाव न घेता चालवलं, तेव्हा निषेध केला होता ना? तो फोटो ऑफिसात लावा. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन २०१९ पासून आहे, त्याचंही प्रमाणपत्र शेजारी लावा. भिंत भरलेली दिसली पाहिजे.

मग ए.डी. कोडसाठी बँकेत जा. डबा बरोबर ठेवा. परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा १४ आकडी नंबर असतो तो. बँकेनं लेटरहेडवर लिहून द्यायचा, आपण कस्टम्सच्या आइसगेट वेबसाइटवर चढवायचा, मग कुठं न्हावा शेवा बंदरात शिपिंग बिल, म्हणजे माल बाहेर पाठवायचा कस्टम्सचा कागद, निघणार. पाच ओळींचं पत्र. काउंटरवरच्या मॅडम म्हणतील, "कसला कोड? आयएफएससी पासबुकावर आहे की." आत जा. आतले साहेब म्हणतील, "फॉरेक्सचं आमच्याकडं नसतंय, पुण्याला मेल टाका." पुणं म्हणेल, खातं ज्या शाखेत, पत्र त्या शाखेचं. परत या. साहेब ट्रेनिंगला. परत या. साहेब आलेत, पण शिक्का कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते रजेवर. तोवर भिंतीवरचं पोस्टर वाचा: निर्यातदारांसाठी विशेष कक्ष. कक्ष कुठाय ते विचारू नका, तिथं कूलर ठेवलाय.

परवा पत्र मिळालं. लेटरहेड झकास, सही झकास, शिक्का गोल गरगरीत. खाली बंदराचं नाव: चेन्नई. कुणाचं तरी जुनं पत्र उघडून वरचं नाव तेवढं बदललेलं. दाखवलं तर साहेब म्हणतात, "चालतंय की हो, भारतातच आहे." भारतातच आहे! आता मी कापशी चपलांची खोकी घेऊन मरिना बीचवर जाऊन बसू काय? दुरुस्ती करून द्या म्हटलं तर म्हणे नवा अर्ज द्या, जुनं पत्र रद्द करायला वेगळा अर्ज द्या, आणि दोन्हीला चार्जेस.

कोकणात उतरणाऱ्या कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची वाट बघा. होईलच.

अमेरिकेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा सगळे ट्रम्पच्या नावानं बोटं मोडत होते. माझी ट्रम्पपर्यंत मजलच गेली नाही. माझा माल कोल्हापुरातल्या ताराराणी चौकाच्या पुढं सरकला नाही.

तिकडं सुभाषनगरात कारागिराच्या घरात दोनशे जोड पडून आहेत. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, वेण्या घरातल्या बायकांनी रात्री बसून घातलेल्या. या हवेत कातड्याला बुरशी धरती. त्याची आई एकेक जोड फडक्यानं पुसून पंख्याखाली मांडती आणि संध्याकाळी परत खोक्यात भरती. परवा त्याचा पोरगा विचारत होता, "काका, पुढचं कातडं आणू, का शिरोलीला फौंड्रीत लागू?" काय सांगायचं त्याला? करारातल्या १० लाखांत तुझा नंबर आहे, थांब म्हणून?

बास झाली चेष्टा. अहो, सह्या करायला परदेशात जाता, विमानं भरून शिष्टमंडळं नेता, आणि इथं बँकेत पाच ओळींचं पत्र नीट लिहिणारा एक माणूस तुम्हाला बसवता येत नाही? लाज वाटत नाही? रोजगार काय शुल्क शून्य झालं की आपोआप पडतोय काय वरून? इथं कातडं विकत घेतलं जातं, वेणी घातली जाते, तेव्हा चूल पेटती. जिल्ह्यात एक माणूस नेमा, ज्याला हे काम येतंय. त्याचा नंबर द्या आणि फोन उचलायला सांगा त्याला. तेवढं होत नसेल तर परत मेळाव्याची निमंत्रणं पाठवू नका. दोनशे जोड मी नवरात्रात अंबाबाईच्या दारात विकतो.