हातमोजे कुठे घालायचे आणि कुठे काढायचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

शाळेच्या छपाई प्रयोगशाळेचे नियम मागच्या लेखात दिले, त्यावर तुम्ही चांगलंच खडसावलंत. उभा जन्म छापखान्यात काढलेल्या माणसाची प्रतिक्रिया आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे मुख्य आक्षेप तीन. एका ओळीत हातमोजे सक्तीचे आणि पुढच्याच ओळीत बंदी, हा काय पोरखेळ? तुम्ही पेट्रोलने रोलर धुतलेत, काही झालं नाही. आणि कटिंग मशीनला हात लावू देत नसू, तर मुलं शिकणार काय?

आधी हातमोजे, कारण यावर पालकही हेच विचारतात. थिनर हाताळताना, स्क्रीन (छपाईची ताणलेली जाळी) धुताना नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, मोजे हवेतच. पूर्वी इमल्शनमध्ये, म्हणजे जाळीवर लावायच्या लेपात, डायक्रोमेट हे रसायन मिसळायचे, त्याने हातांना इसब व्हायचं आणि एकदा झालं की सहजासहजी पाठ सोडायचं नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. आम्ही आता त्याऐवजी डायझो या दुसऱ्या रसायनाचं तयार इमल्शन आणतो, तरी मोजे असतातच. फिरत्या रोलरपाशी मात्र तेच मोजे घात करतात. मुलांना हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून दाखवतो. मिनी ऑफसेट या लहान छपाईयंत्राचा प्लग काढायचा, चाक हाताने फिरवायचं आणि रिकाम्या मोज्याच्या बोटाचं टोक दोन रोलरांच्या फटीत धरायचं. टोक आत जातं, बोट ताणलं जातं आणि बघता बघता तळव्यापर्यंतचा मोजा आत. वर्गात तेव्हा कोणी बोलत नाही. मग त्याच रोलरांना पलीकडून कागदाची पट्टी लावतो, ती आत जायचं नाव घेत नाही. एका बाजूने ओढ, दुसऱ्या बाजूने ढकल. तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी कुठली बाजू कशी ते सांगाल. नववीतल्या पोराला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, आणि नियम त्याच्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

रोलर पुसण्याचंही तसंच. चिंधीची मुठीत मावेल अशी घडी, एकही टोक लोंबता कामा नये. मशीन थांबलेलं असताना समोरचा भाग पुसायचा, हात बाहेर काढायचा, इंचिंगचं बटण दाबून रोलर थोडा पुढे घ्यायचा, थांबला की पुन्हा हात. वेळ जातो. जाऊ दे. ट्रेडलवर, म्हणजे एकेक कागद हाताने लावायच्या जुन्या छपाईयंत्रावर, तर मी एकच गोष्ट घोकून घेतो: वाकडा गेलेला कागद वाकडाच छापू द्यायचा. तो सरळ करायला हात आपसूक पुढे जातो आणि नेमकी तेव्हाच प्लेटन, म्हणजे कागद दाबणारी सपाट पाटी, मिटत असते.

ओढणी, मोकळी वेणी, ओळखपत्राची नाडी, मनगटातला गंडा यांवरच्या बंदीला तुम्ही ‘शहरी फॅड’ म्हणालात. १९४८च्या कारखाना कायद्याच्या २२व्या कलमात चालत्या यंत्राजवळ जाणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असं होतं. फॅड असलंच तर बरंच जुनं आहे.

आता पेट्रोल. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाची ठिणगीही तिला पुरते. हे झालं डोळ्यांना दिसणारं. न दिसणारं जास्त वाईट. जपानात ओसाकाच्या एका छापखान्यात ब्लँकेटवरची (शाई कागदावर उतरवणाऱ्या रबरी आवरणावरची) शाई पुसायला १,२-डायक्लोरोप्रोपेन वापरत. खोलीत हवा खेळती नव्हती. तिथल्या तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचं २०१२च्या सुमारास उघड झालं आणि २०१४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते रसायन माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. रोजच्या रोज त्यांनाही ‘काही होत नव्हतं’च. तुमचं पेट्रोल म्हणजे ते रसायन नव्हे, हे मान्य, पण पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि तेही त्याच गटातलं. ‘काही झालं नाही’ एवढ्यावर मी दुसऱ्याच्या लेकरांना पेट्रोलची बाटली देणार नाही. शाईच्या चिंध्याही आम्ही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो आणि रोज संध्याकाळी बाहेर काढतो. जवसाच्या तेलाची शाई वाळताना तापते, ढीग साचला तर आपोआप पेटू शकतो.

कटिंग मशीनबद्दल तुमचा गैरसमज झालाय. ब्लेड बदलणं आणि धार लावायला काढणं मुलांकडे नाही, कारण सुटं झालेलं ब्लेड नुसतं उचलतानाही कापतं. कागद कापतात मुलंच. गठ्ठा ठोकून सारखा करणं, मापाला लावणं, क्लॅम्पने दाबून धरणं, मग दोन हातांनी दोन बटणं. दोन्ही बटणं दाबल्याशिवाय ब्लेड उतरत नाही. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवून एका हाताने काम उरकायची ‘युक्ती’ काही छापखान्यांत चालते, ती आमच्याकडे दिसली की मशीन त्या दिवसापुरतं बंद.

तुमचा एक मुद्दा बिनतोड आहे: भिंतीवरचा लांबलचक फलक कोणी वाचत नाही. तो तपासणीला येणाऱ्यांसाठी आहे म्हणा ना. ज्या मशीनचा नियम त्याच मशीनवर, हात जातो तिथे, मोठ्या अक्षरांत चिकटवायचं काम सध्या चालू आहे. ट्रेडलसाठी मजकूर तुम्हीच सुचवा, चार शब्दांच्या वर नको.